सीडी-डीव्हीडी रायटर

सीडी-डीव्हीडी रायटर : लेसर किरणाच्या उष्णतेने कोऱ्या तबकडीवर अंकीय माहिती नोंदवणारे, डेस्कटॉप संगणकाच्या पेटीत दर्शनी बाजूस बसवले जाणारे उपकरण. व्यवहारात ‘रायटर’ एवढेच नाव रूढ असून, केवळ वाचन करणाऱ्या सीडी-रॉम ड्राइव्हहून ते भिन्न होय.

रचना व कार्य : एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीत पॉलिकार्बोनेटवर सेंद्रिय रंजकाचा थर व त्यामागे परावर्तक धातूचा मुलामा असतो. लेखनसमयी लेसरचा प्रखर झोत जेथे पडतो तेथील रंजकात कायमचा बदल होऊन परावर्तन मंदावते, आणि वाचनसमयी सौम्य झोत याच भेदावरून मजकूर ओळखतो. लेसरची तरंगलांबी सीडीसाठी 780, डीव्हीडीसाठी 650 व ब्लू-रेसाठी 405 नॅनोमीटर असून, ती जितकी आखूड तितकी खूण सूक्ष्म होत असल्यामुळे एकस्तरीय तबकडीची धारणक्षमता अनुक्रमे 700 मेगाबाइट, 4.7 गिगाबाइट व 25 गिगाबाइट अशी वाढत जाते. सीडीचा एकपट वेग सेकंदास 150 किलोबाइट मानतात. आरंभीच्या यंत्रांत माहितीचा पुरवठा क्षणभर खंडित झाला तरी तबकडी वाया जाई. ट्रे अडकल्यास दर्शनी भागावरील बारीक छिद्रात सरळ केलेली कागदाची पिन खुपसून तो बाहेर काढतात.

पुनर्लेखन : पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू तबकडीत रंजकाऐवजी मिश्रधातूचा थर असतो.

प्रसार : लग्नसमारंभाचे चित्रण, गाणी व कार्यालयीन दफ्तर यांच्या नकला काढणे या यंत्रामुळे सुलभ झाले, चित्रपटांच्या चोरट्या नकलाही बोकाळल्या व 2009 मध्ये महाराष्ट्राने आपल्या 1981 च्या स्थानबद्धता अधिनियमाच्या कक्षेत ‘व्हिडिओ पायरेट’ आणले.

न्यायव्यवहार : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 अन्वये पुरावा अधिनियमात कलम 65-ब दाखल झाले. मूळ यंत्रावरून काढलेली सीडी पुराव्यात घेण्यासाठी नोंदीची ओळख, ती तयार करण्याची रीत व वापरलेल्या यंत्राचा तपशील सांगणारे, जबाबदार व्यक्तीच्या सहीचे प्रमाणपत्र त्याने आवश्यक ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढील एका निवडणूक याचिकेत या कलमाची कसोटी लागली. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी विजयी झाले. त्यांचे नामनिर्देशनपत्र मुदत टळल्यानंतर स्वीकारले गेले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाच्या तबकड्या दाखल झाल्या, परंतु वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. अधिकाऱ्याच्या उलटतपासणीवरून कलमाची पुरेशी पूर्तता झाली असे मानून खंडपीठाने 2017 मध्ये निवडणूक रद्द ठरवली. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोंडी जबाब प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही असा दंडक घालून दिला. मात्र अन्य पुरावा पुरेसा असल्याने निकाल कायम राखला. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीस उभे राहून हजर केले तर प्रमाणपत्र लागत नाही, आणि ते देण्यास कोणी नकार दिल्यास न्यायालयाकडून हुकूम मिळवता येतो, असेही त्या निकालात स्पष्ट केले आहे.

सद्यःस्थिती : 1 जुलै 2024 पासून कलम 65-बच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 63 लागू असून, त्याखालील प्रमाणपत्रात अंकीय नोंदीचे हॅश मूल्यही नमूद करावे लागते.