सिकलसेल आजार

सिकलसेल आजार हा हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या रचनेतील एका लहानशा बदलामुळे होणारा जन्मजात व आनुवंशिक रक्तविकार होय. या विकारात, एरवी गोल, चपट्या व लवचीक असणाऱ्या लोहित रक्तकणिका ताठर होतात आणि विळ्यासारखा बाक घेतात. पाठ्यपुस्तकांत यास ‘दात्रपेशी पांडुरोग’ असे नाव आहे; संस्कृतात दात्र म्हणजे विळा. व्यवहारात मात्र रुग्ण, आरोग्यसेविका व डॉक्टर सारेच ‘सिकलसेल’ हा शब्द वापरतात.

हा आजार संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, सहवासाने किंवा एकत्र जेवल्याने तो होत नाही. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच अपत्याला आजार होतो. एकाकडूनच आले तर ती व्यक्ती ‘वाहक’ ठरते. ती रुग्ण नसते. या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा भेद हाच आहे.

माध्यमिक शाळेत रक्ताभिसरण, श्वसन, आनुवंशिकता, उत्क्रांती आणि परिसंस्था हे घटक निरनिराळ्या पाठांतून शिकविले जातात. महाराष्ट्राच्या इयत्ता नववीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकात सिकलसेलचा उल्लेख आनुवंशिकतेच्या पाठात येतो. परंतु या आजाराचे आकलन त्या एका पाठापुरते राहून होत नाही. वेदना का होतात, याचे उत्तर रक्ताभिसरणात आहे. एका भावंडाला आजार आणि दुसऱ्याला नाही असे का, याचे उत्तर आनुवंशिकतेत आहे. आणि इतके घातक जनुक हजारो वर्षे टिकून का राहिले, याचे उत्तर डास, पाणी व जंगल यांच्या परस्परसंबंधात आहे.

रक्तकणिकेत होणारा बदल

एका लोहित रक्तकणिकेत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनचा प्रत्येक रेणू दोन अल्फा व दोन बीटा अशा चार साखळ्यांचा बनलेला असतो. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ठरावीक क्रमाने गुंफलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. गुणसूत्रांच्या अकराव्या जोडीवरील जनुकात एका जागी ॲडेनीनऐवजी थायमीन आल्याचा हा परिणाम असतो. बाकीची १४५ अमिनो आम्ले जागच्या जागी असतात.

ग्लुटामिक आम्ल विद्युतभारित असून पाण्याशी सहज जुळते. व्हॅलीन पाणी टाळणारे आहे. रक्ताने ऊतींना ऑक्सिजन दिला की रेणूचा आकार थोडा बदलतो आणि हे व्हॅलीन शेजारच्या रेणूवरील खोबणीत जाऊन बसते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू जोडले जाऊन कणिकेत लांब, कडक तंतू तयार होतात व ते तिला आतून ताणतात. फुप्फुसात पुन्हा ऑक्सिजन मिळाला की तंतू विरघळतात आणि कणिका पूर्ववत होते. मात्र असे अनेकदा घडले की तिचे पटल कायमचे बिघडते.

तंतू तयार होण्यास काही क्षण लागतात. तेवढ्यात कणिका केशिकेतून पार पडली तर अपाय टळतो. शरीरातील पाणी कमी होणे, ताप, थंडी, अतिश्रम किंवा विरळ हवा यांमुळे हा अवधी अपुरा पडतो. रुग्णाला भरपूर पाणी पिण्याचा व थंडीपासून जपण्याचा जो सल्ला दिला जातो, त्याचे कारण हे आहे.

शरीरसंस्थांवरील परिणाम

निरोगी लोहित रक्तकणिका सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल रुग्णाची कणिका साधारण १० ते २० दिवसांतच नष्ट होते. अस्थिमज्जा नव्या कणिका झपाट्याने बनविते, पण नाश होण्याचा वेग त्याहून अधिक असल्याने कायमचा रक्तक्षय राहतो. फुटलेल्या कणिकांतून निघणाऱ्या बिलिरुबिनमुळे डोळे पिवळसर दिसतात. पुष्कळदा ही साधी कावीळ समजली जाते आणि घरगुती उपायांत वेळ जातो. पुढे पित्ताशयात खडेही होऊ शकतात.

ताठर कणिका केशिकांत अडकल्या की पुढील ऊतींना रक्त मिळत नाही आणि तीव्र वेदना सुरू होतात. हाडे, पाठ, छाती व पोट ही या वेदनांची नेहमीची ठिकाणे होत. तान्ह्या मुलात हातापायांचे पंजे सुजणे हे अनेकदा पहिले लक्षण असते. जन्मानंतरचे पहिले काही महिने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन रक्तात टिकून असते. त्यात बीटा साखळी नसल्याने ते बाळाचे रक्षण करते आणि ते ओसरल्यावर, साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास, लक्षणे दिसू लागतात.

प्लीहेला वारंवार इजा होऊन तिची जंतूंशी लढण्याची शक्ती क्षीण होते. त्यामुळे लहान मुलांत न्यूमोनियासारखे संसर्ग जीवघेणे ठरतात. कधी प्लीहेत अचानक रक्त साचून ती काही तासांत मोठी होते. हा आणीबाणीचा प्रसंग असतो. फुप्फुसांतील अडथळ्यामुळे छातीत दुखून श्वास लागणे, मेंदूचा रक्तपुरवठा तुटून पक्षाघात होणे, खुब्याच्या हाडाचा गोल भाग झिजणे आणि पायांवर लवकर न भरणाऱ्या जखमा होणे हे इतर परिणाम होत.

मूत्रपिंडावरील परिणामाची चर्चा क्वचितच होते. शाळेच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा आहे. रुग्णाचे मूत्रपिंड मूत्र पुरेसे दाट करू शकत नाही, त्यामुळे लघवी अधिक होते आणि तहानही अधिक लागते. वर्गातून वारंवार बाहेर जाण्याची परवानगी मागणारा, सतत पाण्याची बाटली जवळ बाळगणारा किंवा वसतिगृहात रात्री अंथरूण ओले करणारा विद्यार्थी आळशी वा खोडकर नसून आजारी असू शकतो. त्याला पाणी पिण्यापासून अडविणे हे वेदनेला आमंत्रण ठरते.

आनुवंशिकता

सर्वसाधारण जनुकास ‘ए’ व सिकलसेलच्या जनुकास ‘एस’ म्हटले जाते. प्रत्येक व्यक्तीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एए (निरोगी), एएस (वाहक) आणि एसएस (रुग्ण) अशा तीन शक्यता संभवतात. याखेरीज एका पालकाकडून एस आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचे जनुक आल्यासही आजार होतो.

दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य निरोगी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि रुग्ण असण्याची २५ टक्के असते. उत्तरपत्रिकांत आणि गावांतही याचा अर्थ ‘चार मुलांपैकी एकच आजारी’ असा लावला जातो. तो चूक आहे. नाणे उडविताना मागील निकालाचा पुढच्यावर परिणाम होत नाही, तसेच येथेही आहे. पहिले मूल रुग्ण असले तरी दुसऱ्याची शक्यता तेवढीच राहते. एक पालक रुग्ण व दुसरा वाहक असल्यास निम्मी शक्यता रुग्णाची आणि निम्मी वाहकाची असते. एक रुग्ण व दुसरा निरोगी असल्यास सर्व अपत्ये वाहक होतात, रुग्ण एकही नाही.

हे जनुक अप्रभावी आहे असे शिकविले जाते. आजाराच्या दृष्टीने ते खरे आहे, कारण एका प्रतीने आजार होत नाही. परंतु वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन आढळते व सिकल हिमोग्लोबिनचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के असतो. म्हणजे प्रथिनाच्या पातळीवर दोन्ही जनुके सारखीच व्यक्त होतात; यास सहप्रभाविता म्हणतात. प्रभावी व अप्रभावी हे शब्द जनुकाचा अंगभूत गुण सांगत नाहीत. कोणत्या पातळीवर पाहिले जाते यावर ते अवलंबून असतात.

वाहक व्यक्ती सामान्य आयुष्य जगते. अतितीव्र श्रम व निर्जलीकरण किंवा फार उंच प्रदेश अशा विरळ परिस्थितीतच तिला त्रास संभवतो. तरीही विवाह ठरविताना ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांची गल्लत होते आणि त्या भीतीने चाचणीचा निकाल लपविला जातो. वस्तुतः वाहकाचा जोडीदार एए असेल व थॅलेसेमियाचाही वाहक नसेल, तर त्यांच्या अपत्याला हा आजार होत नाही. विवाहपूर्व चाचणीचा हेतू कोणाला विवाहापासून रोखण्याचा नसतो. दोन वाहकांना पुढील शक्यता आधी समजाव्यात, एवढाच असतो. अशा जोडप्यांना गर्भाच्या तपासणीचा पर्यायही उपलब्ध असतो.

शोधाचा इतिहास

वैद्यकीय वाङ्मयातील पहिले वर्णन १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेला विद्यार्थी होता. १९४९ साली लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते हे दाखविले आणि सिकलसेलला ‘रेणवीय आजार’ म्हटले. त्याच वर्षी जेम्स नील यांनी आनुवंशिकतेचा नियम स्पष्ट केला. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी फरक एकाच अमिनो आम्लाचा असल्याचे सिद्ध केले. जनुकातील बदलामुळे प्रथिनातील अमिनो आम्ल बदलते, याचा हा पहिला स्पष्ट पुरावा मानला जातो.

मलेरिया आणि परिसंस्था

उपचार नसलेल्या काळात बहुतेक रुग्ण बालपणीच दगावत. मग हे जनुक नाहीसे का झाले नाही? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून याचे उत्तर दिले : जेथे प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या परजीवीचा मलेरिया पूर्वापार होता, तेथेच हे जनुक विपुल आढळते, कारण वाहकांना तीव्र मलेरियापासून मोठे संरक्षण मिळते. नंतरच्या अभ्यासांत वाहक मुलांमध्ये तीव्र मलेरियाचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी कमी आढळले. परजीवीची लागण झालेली वाहकाची कणिका लवकर विळ्याचा आकार घेते व प्लीहेत नष्ट केली जाते, तसेच तिच्यात परजीवीची वाढही नीट होत नाही, अशी कारणे सांगितली जातात.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. १०० जणांच्या वस्तीत जनुकाच्या एकूण २०० प्रती असतात. त्यांपैकी २० प्रती एस असतील, तर सरासरीने ८१ जण निरोगी, १८ वाहक आणि १ रुग्ण असा हिशेब येतो. म्हणजे २० पैकी १८ प्रती वाहकांकडे असतात. रुग्ण दगावल्याने दोनच प्रती नाहीशा होतात आणि मलेरियातून बचावलेले वाहक उरलेल्या पुढील पिढीला देतात. या समतोलास संतुलित बहुरूपता असे म्हणतात.

येथे दोन गैरसमज टाळावे लागतात. पहिला असा की, मलेरियापासून बचाव ‘व्हावा म्हणून’ हा बदल झाला. उत्परिवर्तन यदृच्छया घडते. परिस्थितीने केवळ त्याची निवड केली. दुसरा गैरसमज जिवावर बेतणारा आहे : सिकलसेलच्या रुग्णाला मलेरिया होत नाही, असे समजणे. संरक्षण वाहकाला मिळते. रुग्णाला मलेरिया झाल्यास त्याचा आधीच असलेला रक्तक्षय झपाट्याने वाढतो व मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून रुग्णाच्या घरात मच्छरदाणी अत्यावश्यक असते.

मानवशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंगस्टोन यांनी १९५८ साली या साखळीत शेतीची भर घातली. पश्चिम आफ्रिकेत जंगल तोडून शेती सुरू झाल्यावर उन्हातील पाण्याची डबकी वाढली, ॲनोफिलिस गॅम्बिई डासांना पैदाशीस जागा मिळाली आणि दाट वस्तीत मलेरिया पसरला. त्यातून एस जनुकाची निवड बळावली, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात या जनुकाची पहिली नोंद १९५२ साली निलगिरी टेकड्यांतील आदिवासींमध्ये झाली. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्येही ते आढळल्याचे प्रसिद्ध झाले. मध्य, पश्चिम व दक्षिण भारतातील आदिवासी पट्ट्यात ते विशेष आढळते, परंतु ते आदिवासींपुरतेच मर्यादित नाही. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती, नंदुरबार व धुळे या जिल्ह्यांत रुग्ण अधिक आहेत. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान या जमातींबरोबर विदर्भातील इतर काही समाजांतही वाहक आढळतात. कोणत्याही समाजाच्या आहाराशी, राहणीशी वा आचरणाशी या जनुकाचा संबंध नाही. ज्यांचे पूर्वज मलेरियाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांच्यात ते टिकले, इतकेच.

भारतातील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण आफ्रिकी रुग्णांपेक्षा सामान्यतः अधिक असते, त्यामुळे आजार सौम्य असतो असे मानले जाई. विदर्भातील अभ्यासांत मात्र तीव्र स्वरूपाचे रुग्णही आढळले आहेत.

केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत या आजाराचा समावेश आहे. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन म्हणून पाळला जातो.

निदान व उपचार

बोटाच्या रक्ताच्या थेंबावर होणारी विद्राव्यता चाचणी ही प्राथमिक तपासणी होय. तिच्यातून सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच कळते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरविण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढील चाचणी करावी लागते. पहिल्या चाचणीवरच थांबल्याने वाहकांवर ‘रुग्ण’ असा शिक्का बसतो.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार पूर्ण बरा होऊ शकतो, परंतु जुळणारा दाता मिळणे कठीण असते व खर्चही मोठा असतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत क्रिस्पर तंत्रावर आधारित जनुकोपचारास मान्यता मिळाली; त्यात रुग्णाच्याच मूलपेशींत बदल करून गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनची निर्मिती पुन्हा सुरू केली जाते. हायड्रॉक्सीयुरिया हे जुने व स्वस्त औषधही याच हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते. भारतातील बहुसंख्य रुग्णांचा उपचार आज हायड्रॉक्सीयुरिया व फॉलिक आम्लाच्या गोळ्या, न्यूमोनियाविरोधी लस, गरजेनुसार रक्त आणि वेदनाशामके यांवरच चालतो. ताप, धाप, अचानक वाढलेली फिकटपणाची छटा किंवा डाव्या बरगडीखाली फुगलेले पोट दिसल्यास घरी न थांबता रुग्णालय गाठावे लागते.