शर्यतीचा नियम आणि त्याचा खर्च

आपल्या कोल्हापूर-सांगलीकडील बैलगाडी शर्यतीची कथा सांगताना बहुधा जिंकलेल्या जोड्यांचे वर्णन होते. आज मी शर्यतीच्या नियमांविषयी बोलणार आहे. कामगारांच्या बाजूने वाटाघाटींस बसता बसता मला एक सवय जडली आहे. नियम वाचून झाला, की त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे विचारावयाचे.

गावोगावच्या यात्रांतून चालत आलेला नियम म्हणजे दातांचा. दुधाचे दात न पडलेला खोंड तो आदत. दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा. गट यावरून पडतात. बैलाचे तोंड उघडून पाहिले की निवाडा झाला. त्यास कागद लागत नाही, पैसाही लागत नाही. शिवाय घरच्या गाईच्या खोंडाला आपल्या वयाच्याच बैलांशी धावावयास मिळते. गरिबाला मैदानात उभे करणारा हा नियम होय.

पुढे कायदा आला, आणि तो यावयासच हवा होता. खिळा टोचणे, शेपटी चावणे, विजेचा झटका देणे यांचे समर्थन कोण करील? 11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. 2017 साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, परंतु त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी देण्यास मनाई केली. 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना पुन्हा वाट मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरविली.

आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, 50,000 रुपयांची अनामत, पशुवैद्याचा दाखला, 1,000 मीटरांच्या आतला पल्ला, काठी-चाबकास बंदी, असे नियम आहेत. अनामत संयोजकाने भरावयाची. पण तोच भार प्रवेश फीच्या रूपाने गाडीमालकाच्या खिशापर्यंत उतरू शकतो.

तरीही शर्यत महागली याचा सारा दोष कायद्यावर ढकलणे हा अन्याय होईल. नांगरट ट्रॅक्टरकडे गेली, आणि शर्यतीचा खिलार बैल वर्षभर केवळ खुराक खाणारा झाला. दुसरीकडे बक्षिसे फुगली. 2022 साली पिंपरी-चिंचवडमधील चिखलीत पहिल्या क्रमांकास जेसीबी यंत्र ठेवले गेले. 2023 साली खानापूर तालुक्यातील भाळवणीत थार मोटार. जेथे बक्षीस मोटारीचे, तेथे बैलाची किंमतही मोटारीच्या हिशेबाने बोलली जाणार. मग खरसुंडीच्या बाजारात हजारांचा हिशेब करणाऱ्या शेतकऱ्याने कोठे उभे राहावे?

हा पेच आपल्याच नशिबी आलेला नाही. अमेरिकेत सरळ रस्त्यावर, पाव मैलाच्या पल्ल्यात मोटारी पळविण्याचा हौशी खेळ आहे. त्याची राष्ट्रीय संघटना 1951 साली स्थापन झाली. मोटारींचे गट पाडले गेले. पण गट जिंकण्यासाठी लोक इंजिनावर पैसा ओतू लागले, आणि साध्या मोटारीचा मालक मागे पडला. तेव्हा एक तोड निघाली. प्रत्येकाने आपल्या मोटारीस किती सेकंद लागतील ते आधी जाहीर करावयाचे. मंद मोटारीस तेवढ्या फरकाने आधी सोडावयाचे. आणि जो जाहीर वेळेपेक्षाही लवकर पोचेल तो बाद. 1970 च्या दशकात ही पद्धत रुजली. यात पैशापेक्षा चालकाचे कसब मोजले जाते.

आपणांस ती पद्धत जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. दातांचा नियम आपल्याजवळ आहेच. त्याच्या जोडीस घरी वाढविलेल्या बैलांचा स्वतंत्र गट असावा, त्या गटाच्या बक्षिसास मर्यादा असावी, आणि पशुवैद्याचा खर्च जमलेल्या वर्गणीतून व्हावा. बैलाचे रक्षण करणारा नियम एका काडीनेही सैल होता कामा नये. मात्र त्या रक्षणाची किंमत एकट्या लहान शेतकऱ्याने भरली, तर उद्या मैदानात बैल सुखरूप असतील, आणि ते ज्यांच्या गोठ्यात जन्मले ते शेतकरी कुंपणाबाहेर उभे असतील. यात्रा गावाची असेल, तर तिचा खर्चही गावाने वाटून घ्यावा.