दरवाजा, भोंगा आणि दूध : कामकरी मातेच्या स्तन्याचा सामाजिक इतिहास

रायगडच्या हिरकणीची कथा मराठी मुलखात वात्सल्याची कथा म्हणून सांगितली जाते. दूध विकण्यासाठी गडावर गेलेली गवळण दरवाजे बंद झाल्यामुळे अडकते, तान्ह्या मुलाच्या ओढीने अवघड कडा उतरते आणि शिवाजी महाराज तिचा गौरव करून त्या ठिकाणी बुरूज बांधवितात. ही दंतकथा आहे व ती दंतकथा म्हणूनच वाचली पाहिजे. तथापि तिच्या शेवटाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. बुरुजामुळे कडा बंद झाला. दरवाजा मिटण्याची वेळ मात्र कथेत तशीच राहिली. मातेच्या धैर्याचा सन्मान झाला, तिच्या कामाच्या व्यवस्थेत बदल झाला नाही. कामावर परतलेल्या मातेच्या दुधाचा आधुनिक भारतातील इतिहास बव्हंशी ह्याच विसंगतीचा इतिहास आहे.

स्तन्याची निर्मिती ममतेच्या तीव्रतेवर अवलंबून नसते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत संप्रेरकांच्या प्रभावाने दूध उतरते. पुढे मात्र ते जितके ओढले अथवा काढले जाते, तितकेच नव्याने तयार होते. स्तन बराच काळ भरलेले राहिले की निर्मिती मंदावते. हा ओघ स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून ‘दूध आटले’ ह्या तक्रारीमागे पुष्कळदा देहाचा दोष नसून दोन पाजण्यांमधील अंतर असते आणि हे अंतर कामाचे ठिकाण ठरविते.

मुंबईच्या गिरण्यांत हे अंतर भोंग्याने ठरविले. स्त्री-कामगारांच्या प्रसूतिविषयक परिस्थितीची डॉ. बार्न्स ह्यांनी केलेली चौकशी १९२२ साली मुंबईच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाली. आई कामावर असताना मूल निजून राहावे म्हणून त्याला अफू देण्याची प्रथा किती सर्रास होती, हे तीतून उघड झाले. बाळगोळीचा हा वापर मातेच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून मांडला गेला. वस्तुतः गुंगीत निजलेले मूल दूध मागत नाही आणि न मागितलेले दूध आटते. अफूची गोळी ही अशा रीतीने कामाच्या लांब पाळीशी केलेली तडजोड होती.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयक चर्चेस आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आगेमागे स्त्रीला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ च्या कायद्याने प्रसूतीनंतरचे चार आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई केली. हे पाऊल मोठेच होते. परंतु चार आठवड्यांची ही मुदत नेमकी अशा वेळी संपत असे, जेव्हा दुधाचा ओघ नुकता स्थिरावू लागलेला असतो. कायद्याने बाळंतीण पाहिली. कामावर परतलेली अंगावर पाजणारी आई त्याच्या दृष्टीच्या कडेला राहिली.

तिची दखल १९१९ सालीच वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेच्या करारात घेतली गेली होती. कामाच्या वेळेत दिवसातून दोनदा अर्धा तास मुलाला पाजण्याची मुभा त्यात होती. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना पाळणाघर बंधनकारक केले; १९७६ साली ही मर्यादा तिसांवर आली. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची केली, पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर आवश्यक ठरविले आणि आईला तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही सुट्यांची व पाळणाघराची तरतूद आहे. ह्या क्रमाचा अर्थ स्पष्ट आहे. सुटी वेळ देते, पाळणाघर अंतर मिटविते. एकाशिवाय दुसरे निरुपयोगी ठरते. मूल दोन तासांच्या प्रवासावर असेल, तर पाजण्याची सुटी दूध काढून ठेवण्यापुरतीच उरते आणि त्यासाठी आडोसा व शीतपेटी लागते.

कायद्याच्या कक्षेबाहेरच्या स्त्रियांसाठी १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर ‘मोबाइल क्रेशेस’चे पहिले पाळणाघर सुरू झाले. त्याच्या संस्थापक मीरा महादेवन बेने इस्रायली समाजात जन्मल्या होत्या आणि ‘अपना घर’ ह्या हिंदी कादंबरीच्या लेखिका होत्या. लेखिकेने मजूर मातेला गौरवाचा विषय न करता तिच्या कामाच्या जागी पाळणा बांधावा, ही घटना साहित्याच्या इतिहासातही नोंदविण्याजोगी आहे.

महाश्वेतादेवींच्या ‘स्तनदायिनी’ ह्या बंगाली कथेत दूध हीच मजुरी होते. देवत्वाचा मान मिळालेली यशोदा अखेर स्तनाच्या कर्करोगाने, एकाकी मरते. हिरकणी व यशोदा ह्या दोन टोकांमध्ये एक साम्य आहे : दोघींचीही स्तुती होते आणि दोघींच्याही श्रमाची व्यवस्था अबाधित राहते. महाराष्ट्रातील एस.टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ हे नाव मिळाले, ते ह्या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण वाटते. त्या खोलीत कडा उतरण्याचे धैर्य अपेक्षित नाही. खोली उघडी, स्वच्छ व वापरण्याजोगी असणे, एवढीच अपेक्षा आहे. आणि ती पुरी करण्याची जबाबदारी मातेवर नाही.