टाचणीची भोके

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास हा कुठल्याच मास्तरचा नसतो. मुलांचे लक्ष फटाक्यांकडे, आमचे घड्याळाकडे! त्या तासाला मी गेली कित्येक वर्षे एकच गोष्ट सांगत आलो आहे. एरिख केस्टनर या जर्मन लेखकाने १९२९ साली मुलांसाठी लिहिलेली एमिलची गोष्ट.

एमिलची आई घरीच बायकांचे केस धुऊन-विंचरून देऊन संसार चालवते. (केस्टनरची आईही हाच व्यवसाय करी.) आजीसाठी १२० मार्क आणि स्वतःसाठी २०, असे १४० मार्क घेऊन पोरगा एकटाच आगगाडीने बर्लिनला निघतो. नोटांचे पाकीट त्याने कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवलेले. डब्यातला गोल टोपीवाला गृहस्थ त्याला चॉकलेट देतो, शहराविषयी वाटेल त्या थापा मारतो. एमिलला डुलकी लागते आणि जागा होतो तो पैसे गायब! पोलिसांकडे जावे, तर गावातल्या पुतळ्याला लाल नाक आणि काळ्याभोर मिशा रंगवण्याचे पाप पदरी आहे. मग भोंगा वाजवीत हिंडणारा गुस्टाव्ह, चष्मेवाला ‘प्रोफेसर’ अशी बर्लिनची पोरे जमतात, चोराची पाठ धरतात आणि शेवटी त्याला बँकेत गाठतात. नोटा कुणाच्या, हे सिद्ध होते ते टाचणीच्या भोकांवरून. इथे माझा वर्ग हमखास टाळ्या पिटतो.

शेवटी आजी तात्पर्य काय सांगते? तर पैसे नेहमी मनीऑर्डरने पाठवावेत! प्रत्येक धड्याखाली तात्पर्य शोधणाऱ्या आम्हा मंडळींना ही चांगलीच चपराक आहे. पण हीच आजी एका मुलाचे मनापासून कौतुक करते. त्याचे नाव छोटा डीन्स्टाग, म्हणजे ‘मंगळवार’. बाकीचे पाठलागाची मजा लुटत होते, तेव्हा हा बिचारा घरी टेलिफोनपाशी बसून राहिला. कारण ते काम त्याच्याकडे आले होते.

१० मे १९३३ रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. केस्टनरची पुस्तके तीत पडली, आणि तो स्वतः गर्दीत उभा राहून ते पाहत होता. बंदीच्या यादीत त्याचे एकच पुस्तक वगळले होते, ते एमिल. घरोघरी पोचलेल्या पोराला हात लावायला तेही कचरले असावेत! पुढे तेही पुस्तक उचलले गेलेच. त्यातली चित्रे काढणारा वाल्टर ट्रियर ज्यू होता; १९३६ साली तो लंडनला निघून गेला. केस्टनर देशातच राहिला. तिथे आई होती.

या गोष्टीवर १९३१ साली बोलपट निघाला होता. पटकथा बिली वाइल्डरची. पुढे हॉलिवुडात गाजला तोच हा. एमिल झाला होता रोल्फ वेंकहाउस, आणि छोटा मंगळवार हान्स लोर. या हान्सने पुस्तक वाचून केस्टनरला पत्र लिहिले होते, आणि त्यातून दोघांची मैत्री जमली होती. महायुद्ध आले तेव्हा ही पोरे नेमकी भरतीच्या वयाची झाली होती. १९४२ साली रोल्फचे विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ पाडले गेले. त्याच वर्षी हान्स रशियाच्या आघाडीवर मारला गेला.

वर्गात मी गोष्ट बँकेतच संपवतो. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एकाने विचारलेच, “सर, तो मंगळवार मोठेपणी कोण झाला?”

तेवढ्यात घंटा झाली, म्हणून सुटलो.