साडेबावीस मिनिटांची शाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९७५ सालचा डिसेंबर महिना. सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोट तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. शाळेत वीज नव्हती. शैक्षणिक साधनं म्हणाल तर एक फळा, जिल्ह्याचा नकाशा, मणी निखळलेली एक पाटी आणि आसावरून निसटणारा पृथ्वीचा गोल. मामेबहिणीचं लग्न ठरलं होतं म्हणून रजा टाकून मी मामांच्या गावी गेलो. गाव सीमेपलीकडचं, तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्यातलं. आमच्या भागात घरात मराठी आणि बाजारात कानडी असा कारभार असल्यामुळे सीमा फक्त एसटीच्या पाटीवरच जाणवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा म्हणाले, "अरे, तू मास्तर ना? मग लग्नाची कामं राहू देत. शाळेवर जा. आमच्या पोरांना आभाळातून शिकवतात."

मला वाटलं, मामा चेष्टा करताहेत. गेलो तर शाळेच्या शेजारी माणसाच्या दीडपट उंचीची एक मोठी छत्री उलटी करून उभी केलेली. तिला कापड नव्हतं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी होती. तिच्यातून एक केबल खिडकीतून वर्गात गेलेली आणि वर्गात टेबलावर टीव्ही. तोवर मी टीव्ही एकदाच पाहिला होता, तोही पुण्यात एका नातेवाइकांच्या दाराशी चपलांच्या गर्दीत उभं राहून. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, सोलापुरात, तो नव्हता. मुंबईत १९७२ साली आणि पुण्यात त्याच्या पुढच्या वर्षी आला, एवढंच. आणि इथे खेड्यातली पन्नाससाठ पोरं जमिनीवर मांडी घालून त्याच्यासमोर बसली होती.

मी पाहत होतो तो जगातल्या त्या वेळच्या एका फार मोठ्या शैक्षणिक प्रयोगाचा तुकडा होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या प्रयोगाचं नाव 'साइट'.

त्याची गोष्ट सुरू होते १९६९ साली. भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात त्या वर्षी करार झाला. करारामागे डॉ. विक्रम साराभाई होते. त्यांचा हिशोब साधा होता. जमिनीवरचे मनोरे उभारत टीव्ही न्यायचा म्हटलं, तर तो आधी शहरात जाणार, मग तालुक्याला, आणि खेड्यापर्यंत पोचायला कित्येक दशकं लागणार. उपग्रहाला मात्र मुंबई आणि एखादी वाडी सारखीच. म्हणून ज्यांचा नंबर सर्वांत शेवटी लागतो त्यांच्यापासूनच सुरुवात का करू नये? साराभाई १९७१च्या डिसेंबरात गेले. प्रयोग त्यांना पाहायला मिळाला नाही. पुढची धुरा अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक प्रा. यशपाल आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी वाहिली.

उपग्रह अमेरिकेचा होता, एटीएस-६. १९७४च्या मे महिन्यात तो सोडला गेला आणि पहिलं वर्ष त्यानं अमेरिकेतल्याच दुर्गम भागांत शिक्षणाचं आणि आरोग्याचं काम केलं. मग त्याला पूर्वेकडे सरकवत आफ्रिकेच्या वर आणून ठेवलं. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर उघडलेली त्याची स्वतःची छत्री नऊ मीटरची होती. वरची छत्री एवढी मोठी, म्हणून खाली तीन मीटरची जाळीची छत्री पुरत असे. ती आणि तिच्यासोबतचे संच इथेच बनवले होते. जाता जाता एक गंमत सांगतो. अशा उपग्रहांची कल्पना १९४५ सालीच मांडणारे लेखक आर्थर क्लार्क तेव्हा कोलंबोत राहत. आपल्या अभियंत्यांनी त्यांच्याही घरी एक छत्री नेऊन बसवली होती.

१ ऑगस्ट १९७५ रोजी प्रक्षेपण सुरू झालं. आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं त्यात होती. कर्नाटकातले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. म्हणजे आमच्या बांधाला लागूनच, पण बांधापलीकडे. महाराष्ट्र नव्हता आणि मराठीही नव्हती. संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, करमणूक वगैरे. आणीबाणी लागून महिनाच झाला होता, त्यामुळे संध्याकाळच्या वेळात सरकारी उपदेशही पुष्कळ असे. मामांना त्याचा कंटाळा होता. सकाळचा दीड तास मात्र पाच ते बारा वर्षांच्या मुलांचा. हिंदी, कन्नड, ओडिया, तेलुगू अशा चार भाषांत तो वाटलेला. प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटं.

साडेबावीस मिनिटांत काय शिकवणार, असं मलाही वाटलं होतं. त्या दिवशी पडद्यावर एका मुलीनं एक रिकामा पेला उलटा धरून पाण्यात बुडवला. आत खोचलेला कागद कोरडाच राहिला. का? एवढंच. पुढचं गाणं आणि बाहुल्या माझ्या लक्षात नाहीत. पण कार्यक्रम संपल्यावर तिथल्या गुरुजींनी जे केलं ते मी विसरलो नाही. त्यांनी संच बंद केला. मुलांना तो बंद व्हायला नको होता, त्यांना ओडियासुद्धा चाललं असतं! गुरुजींनी सगळ्यांना उठवून आडावर नेलं. कुणी तांब्या आणला, कुणी फुलपात्र, एकीनं घरून दिव्याची काच आणली. दिव्याची काच दोन्हीकडून उघडी, त्यामुळे तिच्यातला कागद भिजला. ती रडवेली झाली. गुरुजी म्हणाले, "हिचाच प्रयोग सगळ्यात चांगला. आता सांगा, हिचाच का भिजला?" आणि मग अर्धा तास जो गलका झाला, तसा गलका माझ्या वर्गात मी कधी होऊ दिला नव्हता.

मी त्यांना विचारलं, "गुरुजी, हे आडावर न्यायचं तुम्हाला टीव्हीवर सांगितलं होतं का?"

ते म्हणाले, "नाही मास्तर. ऑक्टोबरात आमचं बारा दिवसांचं शिबिर झालं. तिथं शिकलो."

माझ्या मते 'साइट'मधली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. उपग्रह, छत्री, अमेरिका यांचे फोटो छापून आले. पण १९७५च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा १९७६च्या उन्हाळ्यात शाळांना सुट्टी असताना याच संचांसमोर मुलांऐवजी शिक्षकांना बसवलं होतं. दोन्ही फेऱ्या मिळून जवळजवळ ५०,००० प्राथमिक शिक्षक. विषय होता विज्ञान कसं शिकवावं. टीव्हीवर पाहायचं, रेडिओवर ऐकायचं, छापील पुस्तिका वाचायची, मग हातानं करून पाहायचं आणि बरोबरच्या शिक्षकांशी चर्चा करायची, अशी त्याची रचना एनसीईआरटीनं केली होती. साहित्य सगळं गावातलंच. बारा दिवसांत पंचवीस हजारांच्या आसपास शिक्षकांपर्यंत एकदम पोचायचं, तर तेव्हा दुसरा कुठला मार्ग होता? आमच्या तालुक्यात एका प्रशिक्षणाला चाळीस जण बोलवायचे तरी बैठकीच्या जागेवरून पत्रव्यवहार चाले.

मुंबईचाही या प्रयोगात वाटा होता. मुलांचे विज्ञानाचे कार्यक्रम तयार करण्यासाठी इस्रोनं मुंबईत एक छोटा स्टुडिओ उभारला होता आणि तिथे वैज्ञानिक मंडळी मदतीला येत. म्हणजे तो उलटा पेला कदाचित मुंबईतच बुडवला गेला असेल आणि अहमदाबादहून आफ्रिकेवरच्या उपग्रहाला वळसा घालून मामांच्या गावात पोचला असेल. मधलं अक्कलकोट तेवढं राहून गेलं.

३१ जुलै १९७६ला वर्ष भरलं. करार एका वर्षाचाच होता, त्यामुळे उपग्रह परत गेला. शाळा सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मामांचं पत्र आलं, त्यात एक ओळ होती, 'टीव्ही आहे पण त्यात काही नाही.' पुढे १९७७ पासून काही ठिकाणी जमिनीवरचे प्रक्षेपक उभे राहिले, त्यात गुलबर्गाही होतं. काही गावांना पुन्हा चित्र दिसलं. मामांचं गाव त्याच्या टप्प्याबाहेर राहिलं. छत्रीची जाळी पुढे बरीच वर्षं मी त्यांच्या गावात एका परसाच्या कुंपणाला पाहत होतो.

प्रयोग चालू असताना काही गावांत मानववंशशास्त्रज्ञ जाऊन राहिले होते. शाळांमधूनही चाचण्या झाल्या. मुलांची भाषा सुधारली, त्यांचं कुतूहल वाढलं असं दिसलं. पण टीव्ही आला म्हणून पटावरची मुलं वाढली नाहीत आणि मध्येच शाळा सोडणारीही थांबली नाहीत. मला याचं नवल वाटलं नाही. ज्या मुलीला धाकट्या भावाला सांभाळायचं आहे किंवा ज्वारीच्या काढणीला जायचं आहे, तिला साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम शाळेत बसवून ठेवू शकत नाही. पण याच निष्कर्षाचा आधार घेऊन 'टीव्हीचा उपयोग झाला नाही' असं म्हणणारे लोक मला भेटले, तेव्हा मी भांडलो आहे. छत्रीकडून हजेरीपटाचं काम मागणं हेच मुळात चूक.

आपल्याकडे मराठी मुलांच्या वाट्याला हे सगळं यायला आणखी आठ वर्षं लागली. १९८३च्या ऑगस्टात इन्सॅट-१बी हा आपला उपग्रह वर गेला. शालेय कार्यक्रमांसाठी निवडलेल्या राज्यांत या वेळी महाराष्ट्र होता. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. तिचे कार्यक्रम तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील, काहींना त्यांची शीर्षकधूनही आठवत असेल. पुढे केंद्राच्या योजनेतून शाळांना रंगीत टीव्ही आणि टू-इन-वन मिळू लागले.

आमच्या शाळेलाही एक टीव्ही मिळाला. तोवर मी मुख्याध्यापक झालो होतो. मला खरं तर हर्ष व्हायला हवा होता. आडावरचा तो गलका मी पाहिलेला. पण टीव्हीची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला झाली आणि त्याखाली सही माझी होती. खिडकीला गज नव्हते. चोरीला गेला तर वसुली पगारातून होणार, असं ज्यानं आणून दिला त्यानंच जाताना सांगितलं. दुरुस्ती कोण करणार ते कुणीच सांगितलं नाही आणि कसा वापरायचा याचं शिबिर तर झालंच नाही. मी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं. स्वातंत्र्यदिनाला आणि तपासणीला बाहेर काढायचो, पुसायचो, हार घालायचो. तीन वर्षांत मुलांनी तो किती पाहिला असेल? मोजून वीसेक वेळा. हा दोष माझा, तो मी दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकत नाही. तरीही मामांच्या गावातल्या गुरुजींकडे बारा दिवस होते आणि माझ्याकडे फक्त किल्ली होती, एवढं मला सांगावंसं वाटतं.

'बालचित्रवाणी' २०१७ साली बंद झाली. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, टीव्हीवरची शाळा कोण बघणार, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. २०२० साली कोविडमुळे शाळांना कुलपं लागली आणि असं दिसलं की फोन घरात एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. मग त्या वर्षीच्या जुलैत पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. घरी, परसात, शेतात करून पाहण्याजोग्या गोष्टी तीत असायच्या.

तेव्हा आमच्या शेजारची दुसरीतली मुलगी रोज आमच्याकडे टीव्ही बघायला यायची, कारण त्यांचा बिघडला होता. ती खुर्चीत बसायची, मी पलीकडे. दोन घरांमध्ये भिंत एकच. कार्यक्रम संपला की तिची आई भाकरी थापता थापता पलीकडून ओरडून विचारायची, "काय गं, काय करायला सांगितलं आज?" मग ही पळत घरी जायची आणि थोड्या वेळानं त्यांच्या मोरीतून भांडी आपटल्याचे आवाज यायला लागायचे.