जीपचं वय तिच्या तोंडावर

जुन्या जीपचं साल विचारलं की मालक नोंदणी पुस्तक पुढे करतो. पण लिलावातून आलेल्या लष्करी गाडीच्या कागदावर नोंदणीचं साल असतं, जन्माचं नव्हे. म्हणून मी आधी तिचं तोंड बघतो.

पुढच्या जाळीला सपाट लोखंडी पट्ट्या जोडलेल्या असतील तर ती १९४१ किंवा १९४२च्या सुरुवातीची विलीज. नंतर पत्रा दाबून केलेली नऊ फटींची जाळी आली. ही युक्ती मूळची फोर्डची, पण विलीजनेही ती घेतली. मग दोघींना ओळखायचं कसं? खाली वाका. चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, पन्हाळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डने बोल्टच्या डोक्यांवरही ‘एफ’ उमटवला. बोल्टवर सही करणारा कारखाना मला, कविता लिहिणाऱ्याला, फार आवडतो!

१९४५ साली नागरी सीजे-टू-ए आली: सात फटी, मोठे दिवे, मागे उघडणारं फळकं. सीजे-थ्री-ए हिची समोरची काच एकसंध. १९५३च्या सीजे-थ्री-बीचं बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिनच उंच.

आपल्याकडे फसगत होते ती इथे. अमेरिकेत ही जीप १९६८ साली थांबली, महिंद्रांनी मात्र तिचा तोंडवळा पुढेही कितीतरी वर्षं चालवला. या कंपनीचा काळही पाटीवरून कळतो. १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’, १९४८पासून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. फाळणी पाटीवरही झाली.

जीप नवी करायला टाकणार असाल, तर गॅरेजवाल्याला ‘एफ’चे बोल्ट भंगारात टाकू देऊ नका.