विकणे आहे: माउंटन बाइक (वापरलेली)

कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये नजर टाका. जिन्याखाली धूळ खात पडलेली, टायर बसलेली एक तरी गिअरची सायकल दिसेलच. हौसेने घेतलेली, चार रविवार सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत पळवलेली, मग पावसाळा आला, मग प्रोजेक्टचा रिलीज आला... मालकाला ती विकायची असते. घेणारेही असतात. ऑनलाइन जाहिरात टाकायला पैसे पडत नाहीत. तरीही सौदा काही होत नाही. "लास्ट प्राइस?" एवढं विचारून माणसं गायब होतात.

असं का होतं, हे बघायला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती एक चक्कर मारावी लागेल. गंमत म्हणजे माउंटन बाइक तिथली, ऑनलाइन जुना बाजार तिथला, आणि जुन्या वस्तूचा सौदा का फिसकटतो हे सांगणारा माणूसही तेव्हा तिथेच शिकवत होता. सगळं मिळून मुंबई-पुणे अंतरापेक्षाही कमी टापूत.

आधी सायकल. १९७० च्या दशकात मरीन काउंटीत तमालपाइस डोंगराच्या आसपास काही पोरं १९३०-४० च्या काळातल्या श्विन कंपनीच्या जाडजूड सायकली भंगारातून उचलायची. फुगीर टायर, वजनदार लोखंडी फ्रेम. त्यांना ते 'क्लंकर' म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत खटारा. हे खटारे डोंगरावर चढवायचे आणि मातीच्या रस्त्याने सुसाट खाली सोडायचे! ऑक्टोबर १९७६ मध्ये चार्ली केलीने फेअरफॅक्स गावाजवळ याची रीतसर शर्यत सुरू केली. साधारण ३ किलोमीटर अंतर आणि १,३०० फुटांचा उतार. ब्रेक मागच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. म्हणून शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'.

थोडक्यात, माउंटन बाइकचा जन्मच सेकंडहॅन्ड मालातून झाला. पण तो सौदा आजच्यापेक्षा फार वेगळा होता. घेणारा स्वतःच मेकॅनिक. फ्रेम वाकलीय का, हब गेलाय का, हे त्याला हात लावताच कळायचं. भंगारवाल्यापेक्षा गिऱ्हाइकालाच जास्त अक्कल. असा सौदा सहसा फसत नाही.

पुढे हौसेचा धंदा झाला. १९७७ मध्ये जो ब्रीझने नवी फ्रेम आणि सगळे नवे सुटे भाग वापरून खास डोंगरासाठी सायकल बांधली. ती आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केलीने 'माउंटनबाइक्स' नावाची कंपनी काढली, फ्रेम टॉम रिचीच्या. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने 'स्टम्पजंपर' आणली, जपानमध्ये कारखान्यात बनवलेली. (हिचा संस्थापक माइक सिनयार्डने धंदा सुरू करण्याआधी आपली जुनी फोक्सवॅगन व्हॅन विकून युरोप गाठलं होतं. इथेही सेकंडहॅन्ड आहेच!) आता डोंगरी सायकल दुकानात मिळू लागली, आणि जिला हब कशाशी खातात हे माहीत नाही अशी माणसंही ती घेऊ लागली. माझ्या-तुमच्यासारखी.

आता आपला दुसरा हिरो, जॉर्ज अकरलॉफ. बर्कलीत नुकताच शिकवायला लागलेला अर्थशास्त्रज्ञ. जुन्या गाड्यांच्या बाजारावर त्याने एक छोटा पेपर लिहिला. अमेरिकन बोलीत फसव्या गाडीला 'लेमन' म्हणतात, म्हणून पेपरच्या नावात लिंबं आली. एकामागोमाग तीन जर्नल्सनी तो नाकारला. शेवटी १९७० मध्ये छापून आला आणि २००१ मध्ये त्याच कामासाठी नोबेल मिळालं.

त्याचं म्हणणं सायकलवर लावून बघू. समजा, एकाच मॉडेलच्या जुन्या सायकली बाजारात आहेत. चांगलीची खरी किंमत २०,००० रुपये, खराबची ८,०००. कुठली कशी हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक नाही. मग घेणारा मधली किंमत धरतो: १४,०००. हे ऐकून चांगल्या सायकलचा मालक म्हणतो, "जाऊ दे, गंजली तरी चालेल, या भावात देणार नाही." तो बाजारातून बाहेर. आता उरल्या बहुतेक खराब. घेणाऱ्यालाही हे कळतं, तो ८,००० वर येतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते हेच. यात नुकसान फक्त फसलेल्याचं होत नाही. ज्या प्रामाणिक माणसाचा माल विकलाच गेला नाही त्याचं, आणि ज्याला तो माल हवा होता त्याचंही होतं. लबाडीची ही किंमत कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

आपल्याशी याचा एक थेट धागा आहे. पहिला नकार आला तेव्हा अकरलॉफ वर्षभरासाठी भारतात आलेला होता. आणि त्या पेपरात बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, दाण्यासारखेच दिसणारे खडे निवडत बसणाऱ्या भारतीय गृहिणींचा उल्लेख आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी सूप घेऊन जे तास घालवले ना, ती दुसऱ्याच्या लबाडीची भरपाई होती.

आता तिसरा भाग. सप्टेंबर १९९५ मध्ये सॅन होजेमध्ये पिएर ओमिद्यारने एक लिलावाची साइट लिहिली, तीच पुढे ईबे झाली. तिच्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून एक लेझर पॉइंटर प्रसिद्ध आहे, १४.८३ डॉलरला. तो बिघडलेला होता. ओमिद्यारने घेणाऱ्याला विचारलं, बिघडलाय हे माहीत आहे ना? तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो! अनोळखी माणसांमधला हा सौदा निभावला, कारण दोष लपवलेला नव्हता. फेब्रुवारी १९९६ मध्ये ओमिद्यारने एकमेकांना शेरे देण्याची सोय केली. ती म्हणजे अकरलॉफच्या कोड्यावर सॉफ्टवेअरचा पॅच. पॅच म्हटला की बग आलेच: विकणारे उलटा वाईट शेरा देऊन सूड उगवायचे, म्हणून २००८ मध्ये विक्रेत्यांचा तो अधिकारच काढून घेतला गेला.

त्याच १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्कने मित्रांसाठी एक ईमेल यादी सुरू केली, तिची क्रेगलिस्ट झाली. तिथला उपाय साधा: भेटा, बघा, पैसे द्या. आपल्याकडे २००० साली आलेली बाझी ईबेच्या वाटेने गेली. २००४ मध्ये ईबेने ती विकत घेतली आणि २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद झालं. सायकलसारखी अवजड वस्तू मात्र आपण आजही क्रेगच्याच वाटेने विकतो. फोटो ऑनलाइन, सौदा पार्किंगमध्ये.

माउंटन बाइकचं एक जास्तीचं दुखणं आहे. त्या खटाऱ्यांची चाकं २६ इंची होती, श्विनने १९३३ मध्ये आणलेल्या फुगीर टायरच्या मापाची. तेच माप पुढे अनेक दशकं माउंटन बाइकचं माप होऊन बसलं. २०१० नंतरच्या काही वर्षांत चांगल्या प्रतीच्या नव्या सायकली २७.५ आणि २९ इंचांवर गेल्या. म्हणजे जुनी सायकल ठणठणीत असली तरी "हिला पुढे चांगले टायर, फोर्क मिळतील का?" हा प्रश्न उरतोच. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी, दुसरं काय :)

मग विकायची कशी? रिपॅकच्या पोरांना हात लावून जे कळायचं, ते सगळं जाहिरातीत लिहायचं. चाकाचं आणि फ्रेमचं माप, खरेदीचं साल, बिलाचा फोटो. पेडलच्या दांड्याखाली फ्रेमवर कोरलेला नंबर बिलाशी जुळतो हे दाखवायचं, म्हणजे चोरीच्या मालाची शंका मिटते. चेन ताणली गेलीय का, फोर्कमधून तेल गळतं का, वेल्डिंगपाशी चीर नाही ना, याचे जवळून काढलेले फोटो. आणि सगळ्यात वर, पहिल्याच ओळीत, सायकलचा मोठ्यात मोठा दोष. दोनेक हजार कमी येतीलही. पण "टॉप कंडिशन, नो टाइमपास" अशा शंभर जाहिरातींत घेणाऱ्याला ज्याच्यावर विश्वास ठेवता येईल असा एक माणूस सापडेल.

तांदळातले खडे आपणच आधी काढून दिले, की समोरच्याला सूप घेऊन बसावं लागत नाही.